मिशीआडचे सर

"या मुलीला महिन्याभरात वर्गाच्या बरोबरीनं आणलं नाही, तर ही मिशी उतरवीन!"

मोठ्या बाईंसमोर मिशीला पीळ देत सर गरजले. आता सरांची मिशी म्हणजे काय सांगावं! वरचा ओठ तर सोडाच, खालचाही तिनं ताब्यात घेतला होता. तिच्याआड सर बाईंना मनसोक्त नावं ठेवत पुटपुटायचे, कुणाला पत्ता लागायचा नाही.

मुलीला ऐकू येत नव्हतं. ती खास शाळा सोडून नुकतीच इथं आलेली. बोलणाऱ्याच्या ओठांवरून तिला सगळं कळतं, असं आई म्हणाली होती. पण सरांच्या तासाला पोर नुसती टकामका बघायची. सर मोठ्यानं बोलले. मग ओरडले. मग इतके ओरडले की शेजारच्या वर्गानं खिडक्या लावून घेतल्या! पोरीचं आपलं तेच.

महिना संपत आला. सोमवारी बाई वर्गात येऊन बघणार होत्या. जमलं नाही, तर पोरीची रवानगी परत जुन्या शाळेत. बाकावरची मैत्रीण सुटणार म्हणून ती आत्ताच रडकुंडीला आलेली. सरांनी तिच्या आईला बोलावलं.

"अहो ताई, हिला शिपाईकाकांचं कळतं, मग माझंच का कळत नाही?"

आईनं विचारलं, तशी पोर म्हणाली, "सरांचं तोंड कुठंय? नुसते केसच हलतात!"

सर थिजले. हरलं तर मिशी जाणार, आणि जिंकायचं तर आधी मिशीच काढायची!

रविवारी आरशासमोर वस्तरा घेऊन ते घामाघूम. शेवटी बायको म्हणाली, "अहो, मिशी परत येईल. पोर एकदा गेली की गेली!"

गेली मिशी.

सोमवारी रखवालदारानं फाटकातच अडवलं. "पालकांनी बाहेर थांबायचं!" वर्गातल्या पोरांना वाटलं, बदली मास्तर आले. त्यांनी धिंगाणाच घातला. बाई मागच्या बाकावर बसल्या. सरांनी प्रश्न विचारला, आणि पोरीचा हात सगळ्यांच्या आधी वर! उत्तर बरोबर! दुसरंही बरोबर!

"शेजारणीचं बघून सांगत असेल," बाई म्हणाल्या.

सरांचं डोकंच फिरलं. ते सवयीनं पुटपुटले. पोर खुदकन हसली.

"काय गं, हसायला काय झालं?" बाई तिच्यासमोर येऊन म्हणाल्या.

"सर म्हणाले, या बाईंना डोळे आहेत की शर्टाची बटणं!"

सरांना धरणी दुभंगेल तर बरं असं झालं.

"राहू दे हिला इथंच," बाई सावकाश म्हणाल्या. "हिला सगळं कळतं. आणि सर, तास संपला की तुम्ही माझ्या खोलीत या."

घाबरून सरांनी मिशीला पीळ द्यायला हात वर नेला. चिमटीत काहीच आलं नाही.