शमीमआपांचा शेवटचा प्रश्न

आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये शमीमआपा शिरल्या की माणसं आपोआप जीभ बाहेर काढतात. शारजाच्या अल मजाज भागातला आमचा टॉवर सतरा मजल्यांचा आणि लिफ्ट रडतखडत चालणारी. तेवढ्या वेळात आपांचा एक पेशंट आरामात तपासून होतो. जीभ, डोळ्याची खालची पापणी, नखं, आणि वेळ उरलाच तर घोट्यावर बोट दाबून सूज. एकदा त्यांनी सुटाबुटातल्या एका इजिप्शियन साहेबाचा घोटा दाबला. सातव्या मजल्याचा माणूस, बिचारा चौथ्यालाच उतरला. आपांची मुलगी झोया कोपऱ्यात तोंड लपवून उभी होती.

"अम्मी, प्लीज! नॉट इन द लिफ्ट!"

"मग कुठं? क्लिनिकात सगळी माणसं खोटा बोलतात," आपा म्हणाल्या. "लिफ्टीत बेसावध असतात."

आपा मूळच्या रत्नागिरीकडच्या, माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या. वय पन्नाशीला टेकलेलं. चोवीस वर्षं इथे नर्स. एवढी वर्षं डॉक्टरांच्या मागे ट्रे घेऊन उभं राहिल्यावर एक दिवस त्यांनी ठरवलं, खलास, आता आपण पेशंटच्या समोर बसायचं. आणि त्या वयात मास्टर्सला नाव घातलं. फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर. म्हणजे ही नर्स पेशंटला स्वतः तपासते, आजार ओळखते, उपचार ठरवते. तान्ह्या बाळापासून आजोबांपर्यंत अख्खं घर तिच्या हाती. दिवसा ड्यूटी, संध्याकाळी ऑनलाइन लेक्चर, शनिवारी दुबईला वर्ग. आपा मासे साफ करायच्या तेव्हाही कानात हेडफोन, आणि हेडफोनमध्ये बिघडलेल्या हृदयांचे ठोके. "ऐका, विलासभाय, ह्याची झडप गळतेय," असं म्हणून त्यांनी तो हेडफोन माझ्याही कानात कोंबला होता. त्याला बांगड्याचा वास होता.

तपासणी संपली की त्यांचा एक ठरलेला प्रश्न असायचा. "आणखी काय सांगायचा राहिला?" तो विचारून त्या हातातलं सगळं खाली ठेवायच्या आणि गप्प बसायच्या. समोरचा अवघडून जाईपर्यंत गप्प. खालच्या किराणावाल्यालाही त्यांनी हे विचारलं होतं. त्याने घाबरून आपांच्या पिशवीतला जुन्या तारखेचा ब्रेड परत घेतला.

या सगळ्याची नक्कल मी फार झकास करायचो. करायचो म्हणजे काय, मिरवायचो. शेजारच्या अजमानला माझा मित्र संजय राहतो, त्याच्याकडे शनिवारी आम्हा चार-पाच जणांचं मटण असतं. तिथे मी डोक्यावर टॉवेल घेऊन "खोल श्वास घ्या, विलासभाय" सुरू केलं की लोक हसून हसून खुर्चीवरून खाली यायचे. आज हे लिहिताना माझे कान गरम होतात.

आपांची शेवटची प्रॅक्टिकल परीक्षा जवळ आली. त्यात एक नट पेशंट होऊन समोर बसतो, खोटी दुखणी सांगतो, आणि वीस मिनिटांत त्याला बोलतं करून, तपासून, निदान सांगायचं. पास झाल्या की क्लिनिकमध्ये त्यांना स्वतःची खोली आणि दारावर नावाची पाटी मिळणार होती. पाटीवर नाव मराठीत लिहून मिळेल का, हेही त्यांनी विचारून ठेवलं होतं. सरावाला पेशंट हवा म्हणून आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, त्यांनी मला खुर्चीत बसवलं. माझी बायको वैशाली आईच्या मोतीबिंदूसाठी साताऱ्याला गेलेली. मी रिकामाच होतो.

आणि मला अवदसा आठवली. म्हटलं, परीक्षेत पेशंट नाटक करतो ना, मग आपणही करू. आपांनी ठरलेला प्रश्न विचारला, हात मांडीवर ठेवले आणि गप्प बसल्या. मी चेहरा पाडून म्हणालो, "कुणाला सांगू नका, आपा. जिना चढताना छातीत आवळल्यासारखं होतं. डाव्या हातापर्यंत येतं. वैशालीलाही बोललो नाही."

आपांचा रंगच उडाला. "आताच चला हॉस्पिटलात."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण अजमानला सांगायला किस्सा तयार होत होता. मी म्हणालो, "उद्या सकाळी पहिलं काम तेच. इन्शाल्ला." वर त्यांनी आणून दिलेला ज्यूसही प्यालो.

शनिवारी सकाळी मी अजमानला पोचलो. किस्सा रंगात आला आणि टेबलावर फोन वाजायला लागला. शमीमआपा. मी फोन न घेता तसाच वर धरून सगळ्यांना दाखवला. "बघा, माझा डॉक्टर!" पुन्हा वाजला. पुन्हा. संजय मोजत होता. नवव्या फोननंतर मी त्याचा आवाज बंद करून टेबलावर ठेवून दिला, टॉवेल डोक्यावर घेतला आणि सुरू केलं, "आणखी काय सांगायचा राहिला?"

तेवढ्यात बेल वाजली. संजयने दार उघडलं. दारात आपा. परीक्षेसाठी इस्त्री केलेला पांढरा कोट, हातात प्रेशर मोजायचं मशीन, घामाने थबथबलेल्या. गणपतीला संजयकडे मोदक खायला आल्या होत्या, म्हणून घर ठाऊक. माझं दार वाजवून वाजवून दमल्या, वॉचमनने अजमान सांगितलं, आणि दुबईकडे निघालेली टॅक्सी त्यांनी उलटी फिरवली.

मी डोक्यावरचा टॉवेल काढला. त्यांनी तो पाहिला होता, पण काही विचारलं नाही. थेट माझं मनगट धरलं. "आता दुखतंय काय?"

"आपा... ती गंमत होती."

कुणी हसलं नाही. मला वाटलं आता या माझ्या कानाखाली काढतील, आणि देवाशप्पथ, काढली असती तर बरं झालं असतं. पण आपा माझं मनगट तसंच धरून नाडी पुरी मोजेपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, "खोटा होता ना? मग बरा झाला. अल्हम्दुलिल्ला."

"फोन सायलेंटवर होता, आपा," मी म्हणालो. ही दुसरी थाप.

मी गाडी काढली, वेड्यासारखी हाकली, पण शारजाच्या ट्रॅफिकने आम्हाला सोडलं नाही. तिकडे एक खोटा पेशंट आपांची वाट बघत बसला होता, आणि आपा दुसऱ्याच खोट्या पेशंटच्या मागे अजमानला आल्या होत्या. पोचेपर्यंत त्यांची वेळ टळून गेली. पुढची संधी सहा महिन्यांनी. खोली दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

परतीच्या वाटेवर त्या बाहेर बघत बोलल्या. "माझा भाव इम्तियाज अबुधाबीकडं, मुसफ्फाला वेल्डर होता. दर शुक्रवारी फोन करायचा. मी विचारायची, बरा हायस ना? तो बोलायचा, बरा हाय. मी लगेच घरच्या गोष्टी काढायची. एका शुक्रवारी त्याच्या खोलीवाल्याचाच फोन आला, इम्तियाज गेला म्हणून. महिनाभर छाती दुखत होती, सगळ्या खोलीला ठाऊक." मग म्हणाल्या, "मी नर्स, विलासभाय. दुसरा सवाल मी विचारलाच नाय."

 

त्यानंतर आपा लिफ्टमध्ये सगळ्यांच्या जिभा बघायच्या, माझी सोडून. रागाने नाही. मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. ते जास्त लागायचं. अजमानला जाणं मी बंद केलं.

सहा महिने झाले. फेरपरीक्षेच्या आधीच्या शुक्रवारी मी स्वतःच त्यांची बेल वाजवली आणि जाऊन त्या खुर्चीत बसलो. या वेळी सगळं खरं सांगितलं. गोळ्या चुकवतो, चोरून सिगारेट ओढतो, रात्री घोरतो. आपा लिहून घेत होत्या. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

"आणखी काय सांगायचा राहिला?"

त्या गप्प. मग मी म्हणालो, "आपा, त्या दिवशी तुमचे फोन दिसत होते मला. नऊ वेळा. मी बघून हसत होतो. मला माफ करा."

डोळे पुसायला मी हात उचलला, तो त्यांनी मध्येच धरला आणि दंडाला पट्टा गुंडाळायला लागल्या.

"ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "दहाव्यांदा मी संजयच्या दारातनं लावला होता. फोन तुमच्या समोरच टेबलावर चमकताना बघितला. सहा महिने वाट बघतेय, कधी सांगतायत."

"आपा, मी..."

"आता बोलू नका. प्रेशर घेताना बोलला की आकडा चुकतो."

मी हात सैल सोडला. दंडावरचा पट्टा घट्ट होत गेला.