व्हर्नाबाईंचा करार

कॅनडात, नोव्हा स्कोशियातल्या आमच्या कॉलेजात 'मोठ्यांना शिकवायचं कसं' हा वर्ग वेंडेल मॅकॅस्किल घ्यायचा. घोकंपट्टीवर त्याचा भारी राग. विद्यार्थ्याने स्वतःच करार लिहायचा: काय शिकणार, कोणाच्या मदतीने, कधीपर्यंत आणि पुरावा काय देणार. खाली दोघांच्या सह्या. विद्यार्थ्यांवर विश्वास म्हणून वेंडेलने सगळ्या करारांवर न वाचताच सह्या ठोकल्या. आता याला विश्वास म्हणायचं की आळस, तुम्हीच ठरवा.

तीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या व्हर्ना बूटिलिएबाईंनी लिहिलं होतं, 'मी पोहणं शिकवायला शिकेन. पुरावा: पाण्याला घाबरणारा एक मोठा माणूस नोव्हेंबरअखेर कॉलेजचा तलाव पोहून पार करेल. मदत: वेंडेल.'

"मदत म्हणजे? पुस्तकं सुचवू?" त्याने विचारलं.

"पुस्तकं कसली? घाबरणारा माणूस तूच रे! सहलीला होडीत बसताना कसा लटलटत होतास!"

"अहो बाई, मी नाही म्हटलं तर?"

"मग ही सही कोणाची?"

वेंडेलने करार उलटसुलट करून पाहिला; सही त्याचीच होती. त्यातून प्राचार्या कोमोबाई पुरावा बघायला जातीने येणार होत्या. मास्तरानेच करार मोडला तर ही पद्धत बंद, असं त्यांनी बजावलं होतं. आणि वेंडेलचा तर या पद्धतीवर जीव!

पण वर्गासमोर गटांगळ्या खायच्या? छे! व्हर्नाबाईंनी शिकवणीला बोलावलं की याचा कधी कान दुखे, कधी पाठ. आणि गुपचूप शेजारच्या गावी जाऊन हा पाच-पाच वर्षांच्या पोरांच्या वर्गात, दंडाला फुगे बांधून पाय झाडत असे. पोरंच त्याला धीर द्यायची.

ठरलेला दिवस उजाडला. वेंडेलने सूर मारला आणि या टोकापासून त्या टोकाला सपासप गेला. टाळ्यांचा नुसता कडकडाट!

"व्हर्नाबाई, तुम्ही पास!" तो धापा टाकत ओरडला.

"पास कसली डोंबलाची! मी तुला साधा हात मारायला शिकवला नाही. लबाडा, कुठे शिकलास?"

वेंडेलने मान खाली घालून सगळं सांगितलं. मला त्याची कीवच आली.

कोमोबाई मात्र खूश. "स्वतःहून शिकला ना? झालं तर! पद्धत चालू राहील."

"आणि माझ्या पुराव्याचं काय?" व्हर्नाबाईंचा आवाज चढला. "एकच भित्रा माणूस हाताशी होता, तोही वाया गेला!"

बोलता बोलता त्यांचं लक्ष कोमोबाईंकडे गेलं. बाई पाण्यापासून चांगल्या दहा हात लांब, भिंतीला चिकटून उभ्या होत्या.

व्हर्नाबाईंचा चेहरा खुलला. "मॅडम, उद्या सकाळी सातला मोकळ्या आहात का?"