चोरीस गेलेली वंशावळ सोडविली त्याची हकिकत

विज्ञापना ऐसी जे, हुजुरांची आज्ञा जाहली की वंशावळीवर परचक्र कैसे आले आणि कैसे परतविले ते साद्यंत लिहावे. त्यास हा सेवक, घरचा पुतण्या, पदरचे फारसे न घालता लिहितो.

थोरले काकासाहेब टपालखात्यातून निवृत्त जाहले आणि मग एकोणीस वर्षे नातलगांचे जिने चढून, ट्रंका उपसून, बहिऱ्या आत्याबाईंच्या कानाशी ओरडून अकरा पिढ्यांची चारशेबारा माणसे हस्तगत केली, आणि काकूसाहेबांनी जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर मांडून एकूण एक नाव टाइप केले. प्रस्तावनेत ‘प्रत्येक नाव मी स्वतः दोनदा तपासले’ ऐसी काकासाहेबांची ग्वाही, खाली सही. काकूसाहेबांचा उल्लेख राहिला. कोणाचे ध्यानी आले नाही.

ऐसे असता काकासाहेबांचे धाकटे चुलतबंधू, जे लग्नात जेवणाखेरीज कोठे दिसले नाहीत, त्यांनी अवघी वंशावळ उचलून वेबसाइट थाटली आणि वर आपली गॉगलमधील छबी लावून ‘संशोधन व संकलन’ आपुले नावे रुजू केले. हे पाहताच काकासाहेबांनी चहा तसाच टाकून कॉम्प्युटर गाठिला. मग खलित्यांवर खलिते रवाना जाहले. पैकी दोन ईमेल चुकून गॅस एजन्सीस पोहोचले. गनिमाचा जबाब फोनवर आला : “दादा, पूर्वज काय तुझ्या एकट्याचे आहेत? मीपण घरोघर फिरलोय!” एकोणीस वर्षे पाण्यात गेली, ऐसे म्हणोन काकासाहेब भिंतीकडे तोंड करून निजले, आणि घरात बहुत वाईट वाटले.

तेव्हा काकूसाहेबांनी मोहीम आपले हाती घेतली आणि रविवारी दुपारी समस्त भाऊबंद व्हिडिओ कॉलवर दाखल व्हावे ऐसे फर्मान सोडिले. सत्तावीस चौकोन भरले. पैकी एकात केवळ पंखा दिसत होता.

“भाऊजी, आजोबांच्या पिढीतले हे भाऊराव कोण हो? अविवाहित, डावा कान फाटका?”

“वहिनी, भाऊराव म्हणजे आमचे चुलत आजोबा! कान लढाईत गेला त्यांचा. वेबसाइटवर लिहिलंय मी सविस्तर. अहो, मांडीवर खेळलोय त्यांच्या!”

काकूसाहेबांनी टेबलाखाली हात घालून घरचा बोका वर उचलिला आणि कॅमेऱ्यासमोर धरिला. डावा कान फाटका होता.

“हे भाऊराव. हे माझ्या मांडीवर खेळतात.”

सत्तावीस चौकोनांत हाहाकार जाहला, पंखादेखील हालला, आणि गनीम ‘नेटवर्क गेलं’ म्हणत पळाला. काकासाहेब मात्र हसता हसता थबकले आणि कपाळीचा घाम पुसू लागले, कारण दोनदा तपासल्याची ग्वाही त्यांचीच होती.

“सहा वर्षांपूर्वी घातला त्याला,” काकूसाहेब वदल्या, “मी टाइप केलेलं तुम्ही तरी वाचता का बघायला.”

काकासाहेबांनी उठून स्वहस्ते चहा करून आणिला.

येणेप्रमाणे सोमवारी दोन प्रहरी वेबसाइट जमीनदोस्त जाहली, चुलतबंधूंचा लेखी माफीनामा दाखल जाहला, आणि प्रस्तावना नवी लिहिली गेली : संकलन काकूसाहेब, घरोघर हिंडणारे काकासाहेब. बोक्याचे नाव काढावे ऐसी अर्जी काकासाहेबांनी गुदरली, ती हुजूर काकूसाहेबांनी नामंजूर केली. सबब अकरा पिढ्या, चारशेअकरा माणसे आणि भाऊराव, दफ्तरी कायम असेत.