रोज वाम खाणारा ग्रामसेवक

श्रावणने जन्मात मासा तोंडात घातला नव्हता, आणि आता शाळेच्या पडवीत जमलेल्या पन्नास माणसांना तो मासा खाण्याचे फायदे समजावून सांगत होता.

यात त्याचा तरी काय दोष? तो बोरी अरबच्या एका महानुभाव घरातला मुलगा. त्यांच्या घरात अंड्याचं नावसुद्धा कुणी काढत नसे. पण घाटंजीपासून तीन कोसांवरच्या या गावात तो ग्रामसेवक म्हणून आला होता, तोही हंगामी. गटविकास अधिकाऱ्यांनी त्याला बजावलं होतं, "लोकांना नाल्यातला मासा खायला लावा. विशेषतः वाम. लोक ती फुकट फेकून देतात. दिवाळीपर्यंत काम दिसलं तर तुम्हाला कायम करायचं बघतो." आणि श्रावणच्या होणाऱ्या सासऱ्याने साखरपुडा उरकून लग्नाची तारीख नेमकी त्या 'कायम' शब्दाला बांधून ठेवली होती.

ज्यांनी वाम पाहिली नसेल त्यांना सांगायला हवं. वाम म्हणजे हातभर लांब, निसरडा, चिखलात दडून राहणारा मासा. तोंड टोकदार, अंगावर तपकिरी ठिपके आणि चाल हुबेहूब सापाची. पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की लोक मरळीसाठी नि झिंग्यांसाठी जाळी लावत. जाळ्यात वाम निघाली की "अबे सोड, सोड!" असा ओरडा होई आणि ती काठावर भिरकावली जाई. घारी मात्र ती आवडीने खात.

"या माशात प्रथिने भरपूर असतात," श्रावणने हातातला कागद वाचला.

"थे कडू लागते का गोड?" पुढे बसलेल्या रुपीबाईने विचारलं. गावालगतच्या बंजारा तांड्याचे नायक खेमसिंग यांची ही बायको. स्वयंपाकात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं, तेव्हा तिला प्रश्न पडणार तो चवीचाच.

"प्रथिनांना चव नसते, बाई. त्यांनी ताकद येते."

"मंग वामीची चव कशी असते?"

कागदात चवीबद्दल अक्षर नव्हतं. "छान असते," श्रावण म्हणाला.

"छान मंजे? मरळीवानी का सुकटीवानी?"

"दोन्हींच्या मधली." त्याने दोन्हींपैकी एकही खाल्ली नव्हती.

मागे खांबाला टेकून उकंडा उभा होता. नाल्यावर सगळ्यांत जास्त जाळी त्याचीच. तो म्हणाला, "साहेब, एक इचारू का? तुमी सोता खाल्ली हाये का वाम, का नुसती कागदातच पाह्यली?"

पडवी हसली. बाया पदर तोंडाला लावून हसल्या आणि पोरं तर उघडच खिदळली. श्रावणला साहेब आठवले, सासरा आठवला.

"खाल्ली म्हणजे काय?" तो ताठ होऊन म्हणाला. "मी रोज खातो!"

इथेच सगळं बिघडलं. कारण त्या गावाची एक रीत होती. सरकारी माणसाला काय आवडतं हे एकदा कळलं, की ते त्याच्या दाराशी पोचवल्याशिवाय गावाला चैन पडत नसे. आधीच्या तलाठ्याने एकदा सहज म्हटलं होतं की हुरडा बरा लागतो. त्याची बदली होईपर्यंत तो बिचारा दोन हिवाळे नुसता हुरडाच चावत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उकंडा परसदारी हजर झाला. हातात पळसाच्या डहाळीला ओवलेल्या दोन वामा.

"जय भीम, साहेब. एकदम ताज्या हायेत. घ्या."

"कशाला त्रास घेतला, उकंडाभाऊ?" श्रावणने घाईघाईने मागे पाहिलं.

"तरास कायचा जी! तुमचं रोजचं खानं, थे चुकू नये."

श्रावणने मागे पाहिलं, त्याला कारण होतं. तो राहत होता मथुराबाईंच्या घरी. मथुराबाई साठीच्या, एकट्या, गळ्यात तुळशीची माळ. खोली देतानाच त्यांनी सांगितलं होतं, "बिडी ओढसान त ओढा, बावा. पन माह्या घरात जीव शिजला त तुमची पेटी रस्त्यावर दिसन." सुदैवाने त्या वेळी त्या देवळात हरिपाठाला गेल्या होत्या. मासे परत करणं शक्य नव्हतं. उकिरड्यावर टाकले तर कुत्री ओढत गावभर नेतील. शेवटी श्रावणने परसातल्या दोडक्याच्या वेलाखाली खुरप्याने खड्डा केला, डोळे मिटून दोन्ही वामा त्यात ठेवल्या आणि वर माती सारली.

तिसऱ्या दिवशी खेमसिंग नायकांकडून तीन आल्या. मग शाळेच्या शिपायाकडून आल्या, मग लोहाराकडून. पोळ्यापर्यंत तर हरिपाठाची घंटा वाजली की कुणी ना कुणी परसदारी डहाळी घेऊन उभाच. श्रावण हसून घेई, आणि ते वळताच खुरपं हातात घेई. मात्र मनातून तो सुखावला होता. त्याचं गणित सरळ होतं. लोक आपल्याला इतकं देतात, म्हणजे घरी त्याहून जास्त ठेवत असणार. स्वतः न खाता कोण दुसऱ्याला देतं? त्याने महिन्याच्या अहवालात सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'वाम खाणारी घरे : एकेचाळीस.'

वेल मात्र पिसाळल्यासारखा वाढला. मांडव भरून कुडाच्या भिंतीवर चढला, तिथून छपरावर गेला. कोपरापासून बोटांपर्यंत लांब दोडके लटकू लागले. मथुराबाई हात जोडत, "देवाची किरपा!" म्हणत, आणि टोपली भरून घरोघरी वाटत. तरीही उरत. मग श्रावणच्या ताटात दोडक्याची भाजी, दोडक्याची भजी, दोडक्याच्या शिरांची चटणी. साऱ्या गावाने आणलेली वाम तो या वाटेने रोज खात होता, फक्त त्याला ते कळत नव्हतं.

दसऱ्यानंतर गटविकास अधिकारी जीपमधून उतरले. खिशात एक पाकीट होतं, आणि ते त्यांनी श्रावणला लांबूनच दाखवलं.

"एकेचाळीस घरं! शाबास! आज जेवण इथेच. वामच करा." मग त्यांनी उकंडाकडे मोर्चा वळवला. "काय हो, तुमच्या घरी वाम कशी करतात?"

"थे... माही बायको इंदू करते जी."

इंदूबाई पुढे आली. "मी कायची करतो? रुपीबाई करते."

रुपीबाईने पदर सावरला आणि ती श्रावणकडे पाहत राहिली. श्रावणने उकंडाला बाजूला ओढलं.

"असं काहून बोलता, उकंडाभाऊ? तुम्ही खाता ना वाम?"

"मी? थो साप? नाई बा!"

"मग मला का देत होता?"

"तुमाले आवडते म्हून! पहिले काठावर फेकत होतो, आता तुमाले देतो. वाया जात नाई, तेवढंच बरं वाटते."

"आणि बाकीची चाळीस घरं?"

"त्याईले मीच सांगतलं. म्हटलं, फेकू नोका रे, साहेबाले न्या. साहेब मोठा खानारा हाये."

श्रावणला आपला अहवाल आठवला. एकेचाळीस घरं, आणि खाणारा एकही नाही. पण रुपीबाईने सगळं ऐकलं होतं. ती त्याच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "घाबरू नको भिया, भाऊ हायेस माहा. बकरं काय अन् मासा काय, मसाला त एकच लागते. मी पाह्यतो." तिने उकंडाच्या जाळ्यातल्या वामीला चुलीतली राख चोळून तिचा बुळबुळीतपणा काढला, तुकडे केले, खसखस, सुकं खोबरं, लसूण वाटून घेतलं. थोड्या वेळात तांड्यावरच्या निंबाखाली असा वास सुटला, की साहेबांचा ड्रायव्हर जीप सोडून पंगतीत येऊन बसला.

पळसाच्या पत्रावळी मांडल्या. रुपीबाई साहेबांना वाढायला वाकली, तर साहेबांनी पत्रावळीवर हात आडवा धरला.

"मला वरण-भात बाई. आमच्या घरी अंडंसुद्धा चालत नाही."

"साहेब, तुम्हीच तर म्हणालात, वाम करा!" श्रावणच्या तोंडून निघून गेलं.

"खात्याचं काम वेगळं, घरचं वेगळं. तुम्ही रोजचे खाणारे. तुम्ही खा. मी पाहून लिहितो." आणि त्यांनी पाकिटाशेजारी पेन काढून ठेवलं.

सारा तांडा श्रावणकडे पाहू लागला. खेमसिंग पाहत होते, उकंडाने तर मान लांब केली होती. श्रावणने मनातल्या मनात आईची क्षमा मागितली, डोळे मिटून श्वास रोखला, भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवला, त्यात वामीचा इवलासा लचका धरला आणि तोंडात टाकला.

त्याने चावलं. मग डोळे उघडले. मग आणखी चावलं.

दुसरा घास मोठा होता. तिसऱ्याला त्याने भाकरी रश्श्यात नीट मुरू दिली.

"काटे?" साहेबांनी पेन उचललं.

"एकच. मधला." श्रावणने काटा साफ चोखून पत्रावळीच्या कडेला ठेवला. "रुपीबाई, अजून आहे का?"

वामीबद्दल त्याने त्या गावात उच्चारलेलं हे पहिलं खरं वाक्य होतं, आणि ते सगळ्यांना लगेच पटलं. उकंडाने आपली पत्रावळ पुढे सरकवली. "मलेबी वाढ वं अर्धा तुकडा. साहेबाचं मन राखाले." अर्ध्याचा एक झाला, एकाचे चार झाले. इंदूबाईने मसाला काय काय घातला ते तिथेच विचारून घेतलं. चुलीवरचं गंज-पातेलं पुसून घेतल्यासारखं रिकामं झालं.

पाकीट श्रावणला मिळालं, आत कायम केल्याचा हुकूम होता. फाल्गुनात लग्नही झालं.

पुढच्या पावसाळ्यात बायको आखाडाची माहेरी गेली. नाल्याला पाणी आलं. हरिपाठाची घंटा वाजली की श्रावण परसदारी येऊन उभा राही. एक आठवडा गेला, दोन गेले. डहाळी घेऊन कुणी फिरकेना. शेवटी त्याने उकंडाला रस्त्यात गाठलं.

"काय उकंडाभाऊ, औंदा वाम नाही का?"

"हाये ना जी! पन उरते कुठी? जाळं काढाच्या आधी बाया टोपले घेऊन उभ्या राह्यतात. तुमीच त शिकवलं!"

मग श्रावण सायकल मारत घाटंजीच्या आठवडी बाजारात गेला, पदरमोड करून दोन वामा घेतल्या आणि परस्पर रुपीबाईकडे पोचवायच्या बेताने परसामागच्या पायवाटेने निघाला. कुडाशी मथुराबाई उभ्या होत्या, हातात खुरपं घेऊन.

"श्रावणभाऊ, पिशवीत काय हाये?"

"काही नाही, मावशी. ऑफिसचे कागद."

"कागदाले शेपूट कवापासून याले लागलं?"

श्रावणने शेपूट आत ढकललं. मथुराबाईंनी वेलाकडे बोट दाखवलं. मांडवावर चार पिवळी पानं आणि करंगळीएवढा एक दोडका होता.

"गेल्या साली मी वेलाखालचं तन निंदाले बसली का दर खेपी खुरप्याले काटा लागे," त्या म्हणाल्या. "मी गुपचूप माती सारो."

"तुम्हाला माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"माह्या चुलीवर त नाई शिजलं. मातीच्या पोटात काय शिजते, थे पाहाले मी कायले जाऊ?" त्यांनी वेलाच्या बुडाशी खुरप्याने दोन फटक्यांत खड्डा केला आणि बाजूला सरकल्या. "टाका."

श्रावणने पिशवीत पाहिलं. मोठा उसासा सोडला आणि दोहोंतली लहान वाम बाहेर काढली.

"थे नाई," मथुराबाई म्हणाल्या. "मोठी."