पाच वर्षं पुरी होऊ देत

आमचे सावंतकाका माणसाला नाव विचारत नाहीत, सर्व्हिस विचारतात. "किती झाली?" उत्तर पाचाच्या आत आलं की काकांचा चेहरा असा पडतो, की समोरच्याला वाटावं आपल्यालाच काही आजार निघाला. बिल्डिंगमधल्या एका लग्नात आहेर देताना त्यांनी नवरदेवाला हळूच विचारलं. तो म्हणाला, तीन. "मग हनिमूनसाठी नोकरी सोडून पीएफ काढू नकोस. टॅक्स कापतील."

काका एका खाजगी कंपनीत अकाउंट्सला होते. काकू गेल्यापासून पूनम सागर सोसायटीतल्या वन रूम किचनमध्ये एकटेच. मी वाशीमकडचा, आठवीतून शाळा सोडलेला. भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला लागलो, तेव्हा त्यांनी हॉलमध्ये गादी टाकायला जागा दिली. उपकार मोठे. सकाळचा चहाही तेच करायचे, पण चहाबरोबर नियम यायचा. "सलग पाच वर्षांच्या आत सोडून फंड काढलास, तर त्यातून टॅक्स जातो. पुरी होऊ देत. मग सगळा तुझा." माझ्या एवढ्याशा पगाराला टॅक्स बसतो की नाही, हे मी कधी विचारलं नाही. शिकलेल्या माणसाला काय विचारायचं?

मला गावी जायचं होतं, बस. फंड मिळाला की भावाबरोबर भांड्यांचं दुकान टाकायचं. पॉलिशची काळी धूळ आंघोळ करूनही निघत नव्हती, खोकला धरून बसला होता. एकदा शेठने सगळ्यांसमोर आईवरून शिवी दिली. घरी येऊन म्हटलं, "काका, उद्या सोडतोय."

काका आमटी वाढत होते. "अपमानावर टॅक्स नाही रे, फंडावर आहे. जेव."

जेवलो. सकाळी परत कामावर.

अशी ढकलत ढकलत पाच पुरी झाली. मी पेढे घेऊन आलो. म्हटलं, "काका, झाली. आता राजीनामा देतो, पुढच्या महिन्यात गावी."

मला वाटलं, काका पाठ थोपटतील. त्यांनी पेढा घेतला, तोंडात मात्र घातला नाही. बराच वेळ टीव्हीकडे बघत राहिले. टीव्ही बंद होता.

"नियम बदललाय," ते म्हणाले. "आता सात लागतात."

नियमाच्या बाबतीत काका कधी चुकल्याचं मला आठवत नाही.

"कधी बदलला, काका?"

"आत्ताच," असं म्हणून काकांनी पेढा मोडला आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला.