हाय आणि नाय बंद

आमच्या ऑफिसात ‘हाय’ आणि ‘नाय’ हे दोन शब्द उच्चारायला बंदी आहे. महाडच्या वीज ऑफिसात अशी बंदी म्हणजे माणसांना तोंड उघडायचीच बंदी. इथला दिवस ‘हाय का?’ने सुरू होतो आणि ‘नाय’वर संपतो. पण आमच्या वरिष्ठ उतेकर मॅडमच्या राज्यात जगात दोनच गोष्टी असतात. चालू आणि बंद.

शिपाई गंगाराम नवा होता तेव्हा केबिनमध्ये डोकावून म्हणाला, “मॅडम, दूध नाय, कोरा चहा आणू?”

मॅडमनी मान वर केली नाही. “दूध काय?”

“नाय.”

“दूध चालू की बंद?”

गंगारामने मनाशी हिशेब केला. शेवटी म्हणाला, “दूध बंद.” तेव्हापासून त्याची भाषाच फिरली. कोणी रजेवर असला की “साहेब बंद”. पुतणीचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा आम्ही चौकशी केली, तर खाली बघून म्हणाला, “लग्न बंद.” हसावं की गप्प बसावं, तेच कळेना.

बरं, बाई काही पुण्याहून आलेल्या नाहीत. पोलादपूरच्या वरच्या डोंगरातल्या वाडीत जन्म, तिथल्याच शाळेत शिक्षण. त्यांच्या आईचा फोन आला की पलीकडचा आवाज आमच्या टेबलापर्यंत पोचायचा. “बरी हाय ना गो?” आणि मॅडम गंभीरपणे सांगायच्या, “तब्येत चालू आहे, आये.” एकदा एका पुढाऱ्याने फोनवर आवाज चढवून विचारलं, “लाइट येनार हाय का नाय?” मॅडम म्हणाल्या, “एक काय ते विचारा,” आणि फोन ठेवून दिला. त्याने वरपर्यंत तक्रार केली. मॅडमना काही फरक पडला नाही.

लाइनमन लोकांची तर त्यांनी पाठच धरली होती. खांबावर चढायच्या आधी फोन करायचा, “दासगावची लाइन बंद आहे,” असं अख्खं वाक्य पलीकडून ऐकायचं, आपण तेच परत म्हणायचं, आणि मग पाय उचलायचा. आम्ही पाठीमागे त्यांना ‘चालू-बंद बाई’ म्हणायचो. महाडात माणसाला टोपणनाव मिळालं की सरकारी ओळखपत्राची गरज उरत नाही.

मॅडम खात्यात आल्या त्या यंत्रचालक म्हणून, पोलादपूरकडच्या एका उपकेंद्रात. गावोगावच्या लाइन जिथून चालू-बंद करतात, ती जागा. मग एकामागून एक खात्याच्या परीक्षा देत सुटल्या. कनिष्ठ अभियंता झाल्या, उपकार्यकारी झाल्या. लग्न केलं नाही. सणाला सगळे घरी पळायचे तेव्हा या ड्यूटीवर. “बाईला खुर्चीची हाव आहे,” असं लोक बोलायचे. आमच्याकडे लोकांना दुसऱ्याचं फार कळतं.

शेवटी खुर्ची मिळाली. कार्यकारी अभियंता, म्हणजे सगळा विभाग त्यांच्या हाताखाली. त्या खुर्चीत आमच्याकडे तोवर बाई बसलेली नव्हती. आम्ही पेढे आणले. मॅडमनी पेढा हातात घेतला, तसाच ठेवला आणि मला आत बोलावून दार लावायला सांगितलं.

“पवार, एक जुनी अपघाताची चौकशी पुन्हा उघडायची आहे.”

मग त्यांनी सांगितलं. नोकरीचं पहिलंच वर्ष, बाहेर पाऊस. दत्ता सकपाळ नावाचा लाइनमन खांबाखाली उभा राहून फोनवर विचारत होता, “लाइन बंद हाय?” या म्हणाल्या, “बंद नाय, थांबा.” ‘थांबा’ पोचायच्या आत फोन तुटला. आणि त्याने ऐकलं, “बंद हाय.” तो चढला.

एका अक्षराचा फरक. जन्मभर हे दोन शब्द बोलत आलो, ते इतके सारखे आहेत हे मला कधी जाणवलंच नव्हतं.

चौकशीत दोष दत्तावर गेला. वर चढल्यावर तार तपासली नाही, मयताचा निष्काळजीपणा. मॅडमनी समितीपुढे सगळं सांगितलं होतं. एक साहेब हसून म्हणाले, “मुली, उच्चारांवर कुठे चौकशी होते का?” तेव्हा यांनी बाहेरच्या कारकुनाला विचारलं, हे पुन्हा उघडायला कोणाची शिफारस लागते? तो म्हणाला, कार्यकारी अभियंत्याची.

“म्हणून परीक्षा दिल्या,” मॅडम म्हणाल्या.

मी म्हटलं, “मॅडम, यात तुमचंच नाव येईल. पुढची बढती...”

“बंद,” मॅडम म्हणाल्या.

झालंही तसंच. पुष्कळ महिने वरच्या ऑफिसांनी तंगवलं आणि मग निकाल आला. दत्ताचा दोष नाही. मॅडमना ताकीद. पुढच्या बढतीच्या यादीतून नाव गेलं. त्याच आठवड्यात आम्ही जीपने दत्ताच्या वाडीवर गेलो.

घरात त्याची म्हातारी आई एकटीच होती. मॅडमनी तिच्याजवळ बसून सगळं सांगितलं, स्वतःचं नाव घेऊन. म्हातारीने ऐकून घेतलं. रागावली नाही, रडलीही नाही.

“ह्ये त्येच्या बापाला सांगाया हवं व्हतं गो,” ती म्हणाली. “औंदा शिमग्याच्या आधी गेला तो. पोरानं माती खाल्ली म्हनायचा. मरंपरतूर फोटू लावू दिला नाय घरात.”

“फोटो कुठे आहे?” मॅडमनी विचारलं.

म्हातारीने पेटीतून लुगड्यात गुंडाळलेली चौकट काढली. इतक्या वर्षांच्या ओलीने फोटो खाल्ला होता. शर्टाची कॉलर दिसत होती, एक कान दिसत होता. मधे नुसता पिवळा डाग. मॅडमनी पदराने काच पुसली आणि स्टुलावर चढून स्वतःच्या हाताने तो भिंतीवर लावला.

म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू. ती भिंतीकडे मान वर करून बघत राहिली. “असाच दिसायचा ना गो माजा दत्ता?”

मॅडम स्टुलावरून उतरल्या. “असाच दिसायचा, आजी.”

घाटातली वळणं संपली. मग मॅडम म्हणाल्या, “पवार, मी त्याला कधी पाहिलंच नव्हतं. तो लाइनीवर, मी उपकेंद्रात. फोनवर काय ते बोलणं. गेल्यावर बघायला जायची हिंमत झाली नाही.”

मॅडम बाहेर बघत बोलत राहिल्या.

“फोन केला की आधी विचारायचा, जेवलीस काय गो? मग लाइनीचं. त्या दिवशीपण विचारलं. मी म्हटलं, तुमचं काम होऊ दे, मग जेवते.”