सम्राट वाकडकान

"आ कोण छे? मने कहो, मारी साडीमां आ कोण बेठो छे?"

शेठ ओरडत होते. किती मोठ्यानं, ते मी सांगितलं की लोक निम्मं वजा करून घेतात. मिलभर माझी ख्यातीच तशी आहे, माझी हरकत नाही. पण सुरतेच्या पांडेसऱ्यात शेठ ओरडले आणि बमरोलीत दोरीवर कपडे घालणाऱ्या बाईच्या हातून चिमटा पडला, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे.

शेठच्या हातात जांभळ्या साडीचा पदर होता. एका व्यापाऱ्यानं सगळा माल परत पाठवला होता. कुठल्याशा गावी साखरपुड्याला नवरी मुलगी ही साडी नेसली, पदर पाठीवर सोडला, चहाचा ट्रे घेऊन वळली, आणि तिच्या पाठीवर पाहुण्यांना एक मिशीवाला माणूस दिसला. होणारी सासू किंचाळली, ती म्हणे अजून थांबलेली नाही.

आम्ही सगळे माना खाली घालून उभे होतो. मी फोल्डिंग खात्याचा, म्हणजे ही साडी माझ्याच हातांनी घडी होऊन गेलेली. शेठनी पदर खिळ्याला टांगला. दहा पावलं मागं सरकलं की तो दिसायला लागायचा. उलटी कोयरी म्हणजे नाक. दोन फुलं म्हणजे डोळे, एक मोठा, एक बारीक. वेलीचं एक टोक वर आणि एक खाली, ती मिशी. आणि आपल्या डावीकडं एक पान मध्येच मुडपलेलं, तो कान.

"बोलो ने," शेठ म्हणाले, "कोण छे आ?"

मागून शांत आवाज आला. "शेठ, तो नीट आलेला नाही. निळा रंग सरकलाय, त्याच्यानं कान फाटला."

असा गुन्हेगार मी जन्मात पाहिला नाही. पोलीस दारात आणि हा सांगतोय की चोरी जरा अजून सफाईनं करता आली असती.

ते सुकलाल आप्पा. आमच्या मिलचे ट्रेसर. कॉम्प्युटर यायच्या आधीचे दिवस होते ते. कलाकार कागदावर डिझाइन रंगवायचा आणि ट्रेसर ते एकेका रंगात सोडवायचा. सहा रंग असले तर सहा पारदर्शक फिल्म. लाल तेवढं एका फिल्मवर, हिरवं तेवढं दुसऱ्या फिल्मवर, सगळं काळ्या शाईनं. त्यावरून जाळीचे साचे, साच्यावरून कापड. आप्पांनी तो माणूस सहा फिल्ममध्ये वाटून टाकला होता. छपाईचे मास्तर एकेक फिल्म तपासायचे. एकीत नुसती मिशी, एकीत नुसतं नाक. टेबलावर कापड छापलं जायचं तेव्हा तो आडवा झोपलेला असायचा. बाईनं पदर मागं सोडला की उठून उभा राहायचा.

आप्पा अंगानं इतके बारीक की पंख्याखाली बसले तर मास्तर त्यांच्यावर वजन ठेवायचे. बोटं कायम काळी. हातात येईल ती वस्तू उजेडाकडं धरून पलीकडून बघायची सवय. फिल्म, लग्नपत्रिका, रेशनकार्ड. एकदा मी त्यांना भाकरी उजेडाकडं धरताना पाहिलंय. फिल्म उलटी पडली तर सगळी साडी उलटी छापली जाते, म्हणून डावं-उजवं नक्की करायची खोड प्रत्येक ट्रेसरला लागते. आप्पांना ती तापासारखी लागली होती. रिक्षावाल्यानं विचारलं, "काका, डाबी बाजू?" की आप्पा पुढं वाकून विचारणार, "कुणाच्या बाजूनं?" उधन्याच्या चौकात या एका प्रश्नापायी आमची रिक्षा एवढा वेळ उभी राहिली की मागच्या बसमधल्या एका बाईचं पोर तेवढ्यात चालायला शिकलं.

हाच प्रश्न ते कॉमिकच्या बाबतीतही विचारायचे. आप्पांकडं जुन्या कॉमिकची एक मोठी पत्र्याची पेटी होती. दर रविवारी रद्दीवाल्याच्या ढिगात डोकं घालून जमवलेली, कडुलिंबाच्या पाल्यात ठेवलेली. पण नायकात त्यांना काडीचा रस नव्हता. "खलनायक वाईट असतो, आप्पा," असं कुणी म्हणालं की आलंच, "कुणाच्या बाजूनं?"

मग जेवणाची सुट्टी संपेपर्यंत वकिली चालायची. "नायकाला काय काम असतं, भो? यायचं आणि जिंकायचं. किल्ला कोण बांधतो? यंत्र कोण बनवतो? शंभर शिपायांना दोन वेळचं जेवण कोण घालतो? एवढा संसार उभा करायचा आणि शेवटच्या पानावर एका ठोशात सगळं खलास." शेवटचं पान फाटलेलं कॉमिक मिळालं की त्या दिवशी आप्पा सगळ्यांना चहा पाजायचे. "ह्यात तो अजून जिवंत आहे," म्हणायचे.

नाक्यावर व्हिडिओ गेमचं दुकान निघालं, तेव्हा तर आप्पांना दुसरं देऊळ सापडलं. फिल्मवर केसाएवढी रेघ ओढणारी बोटं ती, सगळे दुश्मन लोळवत शेवटच्या पायरीवर पोचायची. तिथं तो मोठा खलनायक यायचा, आणि आप्पा दोन्ही हात मांडीवर ठेवून बसायचे. पडद्यावर त्यांच्या माणसाला बदड बदड बदडलं जायचं. दुकानदार कळवळायचा, "काका, मारो ने." आप्पा म्हणायचे, "रोजच हरतो रे तो. एक दिवस त्याला पण घरी जिंकून जाऊ दे."

जे गेम निघाले नव्हते त्यांचेही खलनायक आप्पांनी तयार करून ठेवले होते. त्याची वही होती. प्रत्येकाचं चित्र, खाली नाव, छंद, दुःख, आणि शेवटी कमजोरी. 'खाडीश्वर. रंग : मिल खाडीत सोडेल तो. सोमवारी हिरवा, मंगळवारी शेंदरी. छंद : आंघोळ. दुःख : रोजच्या रंगामुळे आई ओळखत नाही. कमजोरी : साबण.' दुसरा एक धागातोड्या, जो सगळ्या सुरतेचे माग बंद पाडायला निघालेला, पण स्वतःच्या सदऱ्याचं बटण लावता येत नाही म्हणून घरातच अडकलेला. हे असले खलनायक बघून जगाला कसली भीती वाटणार, असं मी एकदा म्हणालो. आप्पा म्हणाले, "भीती कशाला वाटायला पाहिजे?"

तर त्या दिवशी शेठनी आप्पांना विचारलं, "नाम क्या है इसका?"

"सम्राट वाकडकान."

"और करता क्या है ये?"

आप्पांनी थोडा विचार केला. "हरतो," ते म्हणाले.

शेठ माणूस वाईट नव्हता. ओरडून झालं की पाणी प्यायचा आणि मुद्द्यावर यायचा. "जुओ सुकलाल. चहेरो काढी नाख, नहि तो तुं नीकळ. आमेय कम्प्युटर आवे छे." चेहरा काढ नाहीतर चालता हो, आणि सोमवारच्या नव्या डिझाइनमध्ये फुलं म्हणजे फुलंच दिसली पाहिजेत, असा हुकूम झाला.

घरी आलो आणि बायकोला म्हणालो, आपल्या मिलची ती हिरवी साडी काढ. दारावर टांगली, दहा पावलं मागं गेलो. आमच्या खोलीत दहा पावलं नाहीत म्हणून शेवटची चार गल्लीत जाऊन उभा राहिलो. होता. बारीक डोळा, वाकडी मिशी, डावीकडं मुडपलेला कान.

बायको म्हणाली, "ही साडी नेसले की मागून कुणीतरी बघतंय असं मला तीन वर्षं वाटतंय. मला वाटलं तुम्ही असाल."

"मी कशाला बघू?"

"तेच मनात आलं," ती म्हणाली.

रविवारी मी बमरोलीला आप्पांच्या खोलीवर गेलो. एकटा माणूस. स्टो, पेटी, खाट. म्हणालो, "आप्पा, काढून टाका ना तो चेहरा. एका खलनायकासाठी नोकरी घालवता? या वयात दुसरीकडं कोण ठेवणार आहे?"

आप्पांनी वही काढली. पहिल्या पानावर शाळेच्या पाटीएवढा एक पिवळा पडलेला कागद चिकटवलेला होता. पेन्सिलीनं काढलेलं चित्र, पोरवयातलं. एक डोळा मोठा, एक बारीक, मुडपलेला कान. खाली आप्पांचं नाही असं अक्षर. 'सम्राट वाकडकान. कमजोरी : सुक्या.'

"हाऊ मना दादा शे," आप्पा म्हणाले.

मिलमध्ये आप्पा आमच्याशी सरळ मराठी बोलायचे. अहिराणी त्यांच्या तोंडून निघाली की समजायचं, आता खरं चाललंय.

खान्देशातल्या एका गावात दोघं भाऊ. सुक्या दहाचा, दादा चौदाचा. शाळेतल्या मास्तरांकडून कॉमिक आणायची, वाचायची आणि मग मळ्यात तीच लढाई खेळायची. दादाचा कान जन्मापासून मुडपलेला, म्हणून खलनायक कायम तोच. मरायचाही तोच, रोज, बाजरीच्या कणसांमध्ये, हातपाय झाडून. एकदा सुक्यानं विचारलं, तू का नाही जिंकत? दादा म्हणाला, लहाना जिकाले पाहिजे.

मग एकदा सुक्यानं मास्तरांच्या कॉमिकमधून खलनायकाची चित्रं कापून भिंतीवर चिकटवली. बापानं भिंत पाहिली. कुणी केलं, विचारलं. दादा म्हणाला, मी. बापानं त्याला कानाला धरून उंबऱ्याबाहेर नेला आणि कडी लावली. सुक्या आत बसून होता. मीच कापलं, एवढं त्याला सांगायचं होतं. उद्या सांगू म्हणाला. सकाळी कडी काढली तेव्हा बाहेर कुणी नव्हतं.

"सुरतेला गेला, असं कुणी म्हणालं," आप्पा म्हणाले. "म्हणून मी इथं आलो. इथं नाही भेटला. पण सुरतेची साडी कुठं जात नाही, भो? रेल्वेत जाते, बाजारात जाते, दोरीवर वाळत पडते. कुठंतरी एखादी बाई पुढं चालली असेल आणि हा मागून येत असेल. बघेल ना. ओळखेल. हे चित्र आम्हा दोघांशिवाय कुणाला माहीत आहे?"

"किती साड्या झाल्या अशा?"

"सगळ्या," आप्पा म्हणाले.

मी निम्मं वजा करायला गेलो, पण हे आप्पा होते, मी नव्हे.

"पण मला एकच भीती आहे," ते वही मिटत म्हणाले. "इतक्यांदा काढला की आता दादाचा खरा चेहरा आठवत नाही. हाच आठवतो."

सोमवारी आप्पांनी डिझाइन दिलं. सहाही फिल्म मास्तरांनी एकावर एक ठेवून पाहिल्या. छापलेला पदर शेठनी स्वतः खिळ्याला टांगला, दहा पावलं मागं गेले, मग पंधरा. फुलं होती. नुसती फुलं. शेठ म्हणाले, "सरस."

साडी चांगली खपली. आप्पा मात्र त्या दिवसापासून सरळ झाले, आणि त्यांना सरळ झालेलं बघवत नव्हतं. भाकरी हातात आली की खायचे. रिक्षावाल्यानं डावं म्हटलं की डावीकडं जाऊ द्यायचे. आम्ही मुद्दाम खलनायकांना शिव्या घालून पाहिल्या. आप्पा म्हणायचे, "असतील." गेमचा दुकानदार मला थांबवून आप्पांची चौकशी करायला लागला, "पेला काका बीमार छे के?" वही त्यांनी पेटीत ठेवली आणि पेटीला दोरी बांधली. दोन महिन्यांत माणूस इतका आटला की मास्तरांनी वजन ठेवलं असतं तरी पंख्यानं नेलाच असता.

मला ते सहन होईना. देवानं मला एकच कला दिली आहे. आजवर ती मी वाया घालवली, आता एकदा कामाला लावू म्हटलं.

चार वाजताच्या चहाला ट्रेसिंगच्या खोलीत गेलो. आप्पा खिडकीशी बसून शाई ढवळत होते.

"आप्पा, रायपूरचा एक व्यापारी आलाय मार्केटात," मी म्हणालो. "काय सांगत होता ऐका. त्याच्या दुकानात आपली ती जांभळी साडी टांगलेली होती. एक माणूस रस्त्यानं चालला होता. साठीला आलेला असेल. दुकानासमोर थांबला तो थांबलाच. व्यापारी म्हणतो, तास झाला, दोन तास झाले, हलेना. त्याच्याभोवती गर्दी जमली, गर्दीमुळं वाहतूक अडली."

आप्पांनी ढवळणं थांबवलं.

"मग तो हसायला लागला," मी म्हणालो. "एवढा हसला की डोळ्यांत पाणी. विचारलं त्याला, काय झालं? तर म्हणाला, काही नाही, हा आमच्या गावचा राजा आहे."

"असं म्हणाला?"

"अगदी असंच. व्यापाऱ्यानं नाव-गाव विचारेपर्यंत गेला निघून. पण धट्टाकट्टा होता म्हणे. अंगावर कपडे चांगले. खाऊनपिऊन सुखी दिसत होता."

आप्पांच्या चेहऱ्यावर दोन महिन्यांनी काहीतरी उमटत होतं. मी हुरळलो. कारागिरानं हात आवरायला पाहिजे तिथं माझा हात आवरला नाही.

"आणि जाताना सारखा कान चोळत होता," मी म्हणालो. "त्याचा एक कान मुडपलेला होता, आप्पा. व्यापाऱ्यानं डोळ्यांनी पाहिला."

"कोणता?"

"डावा."

आप्पांनी मान वर केली. "कुणाच्या बाजूनं?"

दोन महिन्यांनी तो प्रश्न ऐकला आणि मला इतका आनंद झाला की मी क्षणभरही थांबलो नाही. "त्याच्या स्वतःच्या बाजूनं. त्याचा डावा. मी खोदून खोदून विचारून घेतलं."

आप्पांनी शाईच्या बाटलीला झाकण लावलं. नीट फिरवून घट्ट बसवलं. बोटांची शाई फडक्याला पुसली.

"दादाना उजवा व्हता," ते म्हणाले.